गनवरचा रुमाल

लोटन आप्पांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली आणि त्या एकतीस वर्षांत माणसांचे दोनच वर्ग केले: रुमाल टाकलेले आणि उभे राहिलेले. जातपात, गरीब-श्रीमंत, शिकलेला-अडाणी या सगळ्या भानगडी खाली, फलाटावर. गाडीत एकच कायदा. गाडी फलाटाला लागायच्या आधी ज्याने खिडकीतून सीटवर रुमाल टाकला, ती सीट त्याची. मग तो खाली निवांत चहा पिवो, विडी ओढो, नाहीतर मेव्हण्याशी भांडो.

या कायद्याची पोटकलमंही आप्पांना तोंडपाठ. टोपी चालते. पिशवी चालते. वर्तमानपत्राचं काही खरं नाही, कोणीही वाचायला उचलतो. चप्पल अजिबात चालत नाही, तिथे भांडण होतं. आणि सगळ्यात मोठं कलम असं, की रुमालाचा मालक त्या जागेवर स्वतः बसेल, नाहीतर त्याच्या मनाला येईल त्याला बसवेल. त्यात कंडक्टरचंच काय, डेपो मॅनेजरचंही चालत नाही.

आता एवढा कडक कायदा म्हटल्यावर त्याचा पहिला फटका घरच्यालाच बसायचा. तसा तो बसला. आप्पांची बायको तापीबाई सातव्या महिन्यात होती. शहाद्याहून नंदुरबारला दवाखान्यात निघाली, ती नेमकी नवऱ्याच्याच गाडीत. गाडी खच्चून भरलेली. तिसऱ्या सीटवर मात्र एक निळा चौकडीचा रुमाल ऐसपैस बसलेला. तापीबाईने रुमालाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "रुमाल शे. मालक येस आते."

मालक काही आला नाही. तो शहाद्यालाच चहा पीत राहिला आणि त्याची गाडी चुकली, हे तापीच्या पुलावर, प्रकाशा गावाजवळ सगळ्यांच्या ध्यानात आलं. तरी आप्पांनी रुमालाला हात लावला नाही. न जाणो, पुढच्या गाडीने मागोमाग आला तर? अशा रीतीने रुमाल बसून नंदुरबारला गेला आणि तापीबाई उभ्याने गेली. महामंडळाने या निष्ठेबद्दल आप्पांना एखादं पदक द्यायला हवं होतं, पण सरकारी काम, राहून गेलं.

पोरगी सुखरूप झाली. प्रतिभा नाव ठेवलं, आता ती सुरतला असते. तापीबाईने त्या प्रवासाबद्दल कधी तोंड उघडलं नाही. फक्त बाळंतपणानंतर माहेरी कोरीटला होती तेव्हा एका पांढऱ्या रुमालाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने ‘लो’ काढला आणि नवऱ्याच्या हातात ठेवला. "ल्या," म्हणाली. "एखादा दिन मन्हासाठे बी टाका."

आप्पा हसले आणि रुमाल खिशात घातला. कंडक्टरला कसली आलीय सीट? तो रुमाल घाम पुसायला, सुटे पैसे बांधायला, एकदा प्रवाशाचं फुटलेलं डोकं बांधायला कामी आला. टाकायला तेवढा कधी निघाला नाही. तीन वर्षांपूर्वी तापीबाई गेली. रुमाल विरून पापडासारखा झाला, तरी आप्पा तो रोज सकाळी स्वतःच्या हाताने धुतात.

रिटायर झाल्यावर आप्पा घरात बसून भिंतीला सिंगल बेल, डबल बेल देत बसले असते. पण लोणखेड्याला मगनशेठच्या ढाब्याच्या आवारात इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जर बसलं. एक उंच कपाटासारखा डबा, त्याला जाड केबल, केबलच्या टोकाला पिस्तुलासारखी गन आणि वर पत्र्याची शेड. समोर पाटी लागली: ‘विद्युत वाहन प्रभारण स्थानक’. ही पाटी ज्याने लिहिली त्यालाच ती वाचता येत असावी. पहिल्याच आठवड्यात एक ग्रामसेवक येऊन विचारून गेले, इथे चार्ज कोणाकडून घ्यायचा म्हणून. नवीन बदली झाली होती बिचाऱ्यांची.

पण पाटीपेक्षा माणसं भारी. एकाने गाडी गनला लावली आणि जवळच्या मंगल कार्यालयात लग्नाला गेला. गाडी तासाभरात भरली. वरमाला झाल्या, पंगती उठल्या, नवरी सासरी गेली, तरी हा आपला तिथेच. दुसऱ्याने चार्जरसमोर डिझेलचा ट्रॅक्टर उभा केला. का? तर शहाद्याच्या उन्हात आवारातली तेवढी एकच सावली. "सावलीले काय करंट लागस का?" असा उलट सवाल. तिसऱ्याने भलत्याच माणसाच्या गाडीची गन काढून स्वतःच्या गाडीला लावली आणि वर त्यालाच ऐकवलं, की तुमची ऐंशी टक्के झाली होती, माणसाने किती हाव धरावी! रोज भांडणं. मगनशेठला कोणी सांगितलं, गर्दी सांभाळायची तर एसटीचा माणूस आणा. मगनशेठने आप्पांना आणलं.

आप्पांनी आल्या आल्या पाटीकडे पाहिलं, नियमांचा छापील कागद पाहिला, दोन्ही सोडून दिले आणि आपला जुना कायदा लागू केला. ज्याला नंबर लावायचा त्याने गनवर रुमाल टाकायचा. अर्धा तास मुदत. ज्याचा रुमाल, त्याची गन.

आणि काय सांगावं, आठ दिवसांत शिस्त आली! सरकारला, कंपनीला, छापील कागदाला जे जमलं नाही, ते दहा रुपयांच्या रुमालाला जमलं. हातात लाखांची गाडी असलेली माणसं गनवर रुमाल दिसला की चपापून तीन फूट लांब थांबायला लागली. आजूबाजूला आप्पांचं नाव झालं. मुदतीचं कलम मात्र हळूहळू मागे पडलं, कारण मोठ्या माणसांना अर्धा तास कसा पुरणार? विशेषतः अमृतभाईंना. अमृतभाई तापीकाठचे केळीवाले, घरचं दोनशे माणसांचं खटलं, त्यांचा गडी सकाळीच रुमाल अडकवून जायचा आणि गाडी दुपारी यायची. आप्पा म्हणायचे, "रुमाल म्हंजे रुमाल. त्यामा लहान-मोठा नही." हे ते मोठ्यांच्या बाबतीतच म्हणायचे, हा भाग वेगळा.

तर मे महिन्यातला एक रविवार. आप्पा सकाळी आठला आले, नळावर तोंड धुतलं, रुमाल धुतला आणि मागे मगनशेठकडे चहाला गेले. तिथे कांद्याच्या भावावर पंधरा-वीस मिनिटं वाद झाला. परत येतात तर शेडबाहेर हेमकांत सरांची लाल गाडी उभी. हे सर लोणखेड्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. त्यांनी गाडी तीन फूट लांब लावली होती आणि हात मागे बांधून ते गनकडे पाहत होते.

"आप्पा, रुमाल आहे," सर म्हणाले.

आप्पांनी पाहिलं. होता. पांढरा, चार घड्या घालून गनवर नीट पसरलेला.

"मंग थांबा ना, सर. कायदा शे."

"पण कोणाचा?"

"मोठा मानूसना दिसस. घडी पाहा किती टापटीप शे."

सर थांबले. मागून नवापूरचा अजित आला, अंड्यांचे ट्रे भरलेली गाडी घेऊन. त्यालाही आप्पांनी अडवलं. "टापटीप म्हणजे अमृतभाईंचाच," अजित म्हणाला. सरांनाही पटलं. अर्थशास्त्राच्या माणसाला घडीवरून माणसाची ऐपत कळत असणार. मग अजून एक गाडी आली, मग अजून एक. पावणेनऊपर्यंत चार गाड्या ओळीत आणि चार शहाणी माणसं पत्र्याच्या सावलीत उभी राहून एका रिकाम्या चार्जरकडे बघत होती. चार्जर चालू. वीज हजर. गाड्या भुकेल्या. आणि मध्ये रुमाल! अजितची अंडी डिकीत उकडत होती, तरी तो अमृतभाईंबद्दल आदरानेच बोलत होता. आप्पांची छाती फुगली. अशी शिस्त तर डेपोतही नव्हती.

नऊच्या सुमाराला आप्पांना घाम आला. त्यांनी पँटच्या खिशात हात घातला.

खिसा रिकामा.

दुसरा खिसा. तोही रिकामा. शर्टाचा खिसा, त्यात फक्त तपकिरीची डबी. नळ, तोंड, रुमाल पिळला, आणि मग? मग वाळत कुठे घातला? समोर गन होती, उन्हाची तिरीप थेट तिच्यावर पडत होती...

"जरा तपासी लेस," असं मोठ्याने म्हणत आप्पा चार्जरपाशी गेले. पाठ लोकांकडे केली आणि बोटाने रुमालाची घडी उचलली. आतल्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा ‘लो’.

आरे देवा! आप्पांनी घडी तशीच खाली सोडली.

"कोणाचा, कळलं का?" सरांनी विचारलं.

"मोठा मानूसनाच शे," आप्पा म्हणाले आणि घाम बाहीला पुसला.

आता माणसाने काय करावं? सांगून टाकावं, की भाऊ, माझाच रुमाल, वाळत घातला होता, माफ करा? एकतीस वर्षांची अब्रू, आठ दिवसांत आणलेली शिस्त, सगळं त्या पापडासारख्या रुमालात गुंडाळून गटारात? आप्पांनी हिशोबी डोक्याने ठरवलं, अजून दहा मिनिटं दम धरायचा. मग म्हणायचं मुदत संपली, रुमाल बाद, सरांचा नंबर. कोणाला काय कळतंय! झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती दहा मिनिटं काही त्यांना मिळाली नाहीत. धडगावच्या रस्त्याने एक पांढरी गाडी रांगत रांगत आवारात शिरली आणि शेडपर्यंत यायच्या आतच थांबली. बाजूला ‘महिला बचत गट’ लिहिलेलं. चालवणारी मुलगी खाली उतरली. ममता तिचं नाव, वरच्या डोंगरातल्या पाड्यावरची, आठवड्यातून दोनदा बाजाराची माणसं घेऊन येते म्हणून आप्पांच्या ओळखीची. मागे चार पोरी दाटीवाटीने बसलेल्या, चौघींच्या मांडीवर पारदर्शक फोल्डर.

"काका, गन द्या लवकर," ममता म्हणाली. "रात्रभर पाड्यावर लाईट नव्हती. गाडी दोन टक्क्यांवर आली. पोरींची नर्सिंगची परीक्षा आहे नंदुरबारला. साडेदहाला गेट बंद करतात, मग आत घेत नाहीत."

"पंधरा मिनिटं लाग्तीन," आप्पा पुटपुटले. सव्वानऊ वाजत होते. पंधरा मिनिटं इथे, तासाभराचा रस्ता. गेलं तर आत्ताच जायला हवं.

"रांग आहे," सर म्हणाले.

"रांग कुठे आहे? गन तर रिकामी आहे."

"रुमाल आहे," चौघे एकदम म्हणाले.

ममताने रुमालाकडे पाहिलं. तिला खरंच समजलं नाही. तिच्या पाड्यावर येते एक जीप. तिच्या टपावर, बोनेटवर, मागच्या शिडीवर जो चढेल तो बसतो. तिथे रुमालाने जागा धरायला जागा तर हवी! "मग रुमाल चार्ज होतोय का?" तिने विचारलं.

कोणी हसलं नाही. कायद्याची बाब होती.

"एसटीने पाठव त्यांना," अजितने तोडगा काढला.

"एसटी पावणेदहाला निघते, काका. फाट्याफाट्याला थांबत अकराला पोहोचते. तुम्ही सोडता का?"

"माझी तीन टक्के आहे," अजित म्हणाला. बाकीचेही आपापल्या गाडीचे टक्के सांगू लागले, आणि सगळ्यांची मिळून बेरीज करूनही नंदुरबार येत नव्हतं.

गाडीतली सगळ्यात धाकटी दिसणारी पोरगी खिडकीतून डोकं बाहेर काढून आप्पांकडे पाहत होती. रडत नव्हती, काही मागत नव्हती. आधी तिने रुमालाकडे पाहिलं, मग आप्पांकडे पाहिलं. हे असं बघणं आप्पांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तिसऱ्या सीटपाशी.

तरी माणूस सहजासहजी सुधारत नाही. आप्पांनी आधी खोटं बोलून पाहिलं. मोबाईल कानाला लावला, दोनदा "व्हय भाई, व्हय भाई" केलं आणि जाहीर केलं, "अमृतभाईस्ना फोन व्हता. त्या म्हनतंस, मन्ही जागा पोरीस्ले द्या."

"अहो, अमृतभाई ते काय, ढाब्यावर पोहे खातायत," सर म्हणाले आणि तिकडे तोंड करून ओरडले, "अमृतभाई! हा रुमाल तुमचा ना?"

"कुठला रुमाल?" अमृतभाईंनी घास तोंडात ठेवूनच विचारलं. "मी तर गमछा वापरतो, रुमाल गडी टाकतो. आणि गाडी चार दिवस झाले गॅरेजला आहे, मोटरसायकलवर फिरतोय."

सगळ्या माना आप्पांकडे वळल्या.

"म्हणजे रुमाल बेवारस," सरांनी निष्कर्ष काढला आणि खिशातून गाडीची किल्ली काढली. "मग नंबर माझा. मी पहिला आलोय. बाळा, वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम. माझं तासाभरात होईल."

सरांचं चुकलं म्हणावं तर तसंही नाही. बेवारस रुमाल म्हणजे रुमालच नाही, मग रांग चालू. हे पोटकलम आप्पांनीच गेल्या महिन्यात सरांना समजावून सांगितलं होतं. कायद्यात आता एकच फट उरली होती, आणि ती फट आप्पांचं नाक कापून पुढे जात होती. रुमालाचा मालक मनाला येईल त्याला बसवतो. पण त्याला मालक लागतो.

सर गनपाशी पोहोचले, हात पुढे केला. आप्पा मध्ये आले.

"हात लावू नका, सर. रुमाल बेवारस नही शे."

"मग कोणाचा?"

आप्पांनी रुमाल उचलला, घड्या उलगडल्या आणि लाल अक्षर सगळ्यांसमोर धरलं. "मन्हा शे. सकाळमा धुयीसनी वाळत घाला व्हता. आनि भूली गऊ."

सरांनी पुढे होऊन ‘लो’ वाचला.

"म्हणजे..." सरांचा आवाज चिरकला, "म्हणजे आम्ही तासभर तुमच्या ओल्या रुमालाच्या रांगेत उभे होतो?"

"व्हय."

"माझी अंडी!" अजित ओरडला.

"अंडास्ना नंतर पाहू. आते कायदा ऐका," आप्पा म्हणाले, आणि आवाज एकदम गाडी भरलेली असतानाचा झाला. "रुमाल मन्हा, तर जागा मन्ही. मन्ही जागा मी कोनले बी देसू. मी ती या पोरीस्ले दिधी. ममता, लाव गन."

ममताने गाडी पुढे घ्यायला चौघींना खाली उतरवलं. गाडीत दोन टक्के होते, तिने तेही वाया घालवले नाहीत, पोरींनीच धक्का दिला. गन लागली, डब्यावर हिरवा दिवा आला. मग मात्र शेडखाली जे हसू फुटलं ते पंधरा मिनिटं थांबलं नाही. अमृतभाई पोह्याची बशी हातात घेऊन ऐकायला आले आणि त्यांना ठसका लागला. सरांनी तिथल्या तिथे कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज टाकला. ‘चड्डी वाळत घातली असती तर दिवसभर उभे राहिलो असतो’, असं अजित आल्यागेल्याला सांगत होता. आप्पा खाली मान घालून टक्के वाढताना बघत राहिले. बारा. अठरा. चोवीस.

साडेनऊला गाडी निघाली. ती वळताना आप्पांनी सवयीने चार्जरच्या पत्र्यावर बोटाने दोन टकटक दिल्या, डबल बेल.

त्या दिवसापासून लोणखेड्यात त्यांना कोणी लोटन आप्पा म्हणत नाही, रुमाल आप्पा म्हणतात. रुमाल टाकायची पद्धतही मोडली. आता लोक पुन्हा जुन्या पद्धतीने, एकमेकांची आईबहीण काढून नंबर लावतात. मगनशेठ म्हणाले, पाटी बदलू. बदलली नाही.

पण त्या रविवारी साडेदहाला अजून काही व्हायचं होतं. सर गाडी लावून चहाला गेले होते, अजितची गाडी दुसऱ्या नंबरवर होती आणि आप्पा शेडच्या कडेला स्टुलावर बसले होते. फोन वाजला. ममता होती. मागे पोरींचा गलका.

"काका, गेल्या आत! चौघी गेल्या. शिपाई गेट ओढतच होता."

"बरं व्हयनं," आप्पा म्हणाले.

"काका, मी विचारायचं विसरले. तुम्ही मुद्दाम टाकला होता का हो रुमाल? आमच्यासाठी?"

आप्पांना हो म्हणता येईना आणि नाही म्हणायचं जिवावर आलं. त्यांनी फोन ठेवला. रुमाल मांडीवर होता, उन्हाने कडकडीत वाळलेला. ‘लो’चा काना थोडा उसवला होता, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि त्यांना रडू आलं, चांगलं हुंदका देऊन, भर दिवसा, गिऱ्हाइकांसमोर.

"टाका मी रुमाल वं, तापे," ते म्हणाले. "तू उभीच गयी, पन टाका."